अमेरिकन सरकार देतं, पण कुठल्या दारानं?

या खेपेला आलेल्या मेल आणि पत्रांत अमेरिकेचेच प्रश्न जास्त. कुणाचा मुलगा तिकडे, कुणी स्वतःच तिकडे, एक स्पर्धा परीक्षावाला, एक कापूसवाले दादा. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली, गाव तेवढं ठेवलं. उत्तरं लहानमोठी झालीत, त्याला इलाज नाही, प्रश्नच तसे आहेत.

प्रश्न: ताई नमस्कार. मुलगा न्यू जर्सीत आहे, आता सिटिझन झाला. आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड करतो म्हणतो. मी ६८ चा, आमची मंडळी ६४. तिकडे पासष्टीनंतर दवाखान्याचं सगळं सरकार बघतं असं शेजारी सांगतात. खरं का? (सांगली)

काका, शेजाऱ्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. ते म्हणतात ती योजना मेडिकेअर, आणि ती पासष्टीनंतर मिळते हेही खरं, पण त्यातला फुकटचा भाग फक्त त्यांना, ज्यांनी स्वतः किंवा नवराबायकोपैकी एकानं तिथे साधारण दहा वर्षं नोकरी करून त्याचा टॅक्स भरलाय. मुलानं कितीही वर्षं भरलेला असू दे, तो त्याच्या खात्यावर. तुम्हाला ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं तिथे राहावं लागेल आणि मग दरमहा पैसे भरून घेता येईल. २०२५ चे दर सांगते, हॉस्पिटलचा भाग ५१८ डॉलर, डॉक्टरचा भाग १८५, म्हणजे माणशी महिन्याला सातशेच्या वर, दोघांचे चौदाशे, आणि एवढं भरूनही दात, चष्मा, कानाचं मशीन यातलं काही मूळ मेडिकेअरमध्ये नाही. अंथरुणाला खिळल्यावर सांभाळणारी बाई लागली तर तोही खर्च नाही.

गरिबांसाठीची वेगळी योजना आहे, मेडिकेड. पण १९९६ च्या कायद्यानं नव्या ग्रीन कार्डवाल्या मोठ्या माणसांना तिचं दार पहिली पाच वर्षं बंद केलं, काही राज्यं स्वतःच्या पैशातून थोडीफार सूट देतात तेवढीच. शिवाय मुलगा तुमच्यासाठी अर्ज करताना यांचा भार मी उचलीन अशी सही करतो, ती नुसती रीत नाही, कायद्यानं बांधणारी सही आहे, हे त्याला माहीत असेलच पण तुम्हालाही माहीत असावं.

मग मधली पाच वर्षं काय? ओबामांच्या २०१० च्या कायद्यानं झालेल्या मार्केटप्लेसवरून विमा घेता येतो. तिथे जुना आजार आहे म्हणून नाही म्हणता येत नाही कंपनीला, मात्र वयामुळे तरुणाच्या तिप्पटीपर्यंत हप्ता लावता येतो. गेल्यापासून ६० दिवसांत नाव नोंदवा, नाहीतर नावनोंदणीच्या पुढच्या मुदतीची वाट बघत बसावं लागतं. आणि इथून जाताना एजंट लोक व्हिजिटर इन्शुरन्स गळ्यात मारतात त्याच्या भरवशावर राहायला जाऊ नका, त्यात शुगर-बीपीसारखे आधीचे आजार बहुतेक वेळा धरतच नाहीत.

जाता जाता एक सांगते. मेडिकेअरवर अध्यक्ष जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ ला सही केली, मुद्दाम मिसुरीत जाऊन, माजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या समोर, आणि पहिलं कार्ड ट्रुमननाच दिलं, कारण सगळ्यांना सरकारी विमा द्या म्हणून त्यांनी १९४५ पासून डोकं आपटलं होतं आणि डॉक्टरांच्या संघटनेनं त्याला समाजवाद म्हणून पाडलं होतं. हीच मेडिकेअर आता अमेरिकेत इतकी मुरलीय की २००९ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका सभेत एका गृहस्थानं आपल्या खासदाराला ठणकावलं, सरकारनं माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही! खासदार बिचारे समजावत राहिले की अहो ती सरकारचीच आहे. ह्या माणसाला लोक हसतात. मला तो अख्ख्या अमेरिकन राजकारणाची किल्ली वाटतो. पुढच्या उत्तरांत तो परत परत दिसेल बघा.

प्रश्न: मुलगी सॅन होजेला, कंपनीनं लेऑफ केला आणि विमाही गेला म्हणते. एवढ्या श्रीमंत देशात आजारपण नोकरीला का बांधलंय हो? (ठाणे)

युद्धामुळे. खरंच. १९४२ मध्ये महागाई आवरायला सरकारनं पगारवाढ गोठवली, आणि सगळे तरुण सैन्यात गेल्यामुळे कारखान्यांना माणसं मिळेनात. पगार वाढवता येत नाही तर निदान विमा देऊ, असं मालकांनी सुरू केलं कारण विम्याला त्या बंदीतून सूट होती. मग १९५४ च्या करकायद्यात पक्कं झालं की कंपनीनं भरलेला हप्ता हे कर्मचाऱ्याचं उत्पन्न धरायचं नाही, त्यावर टॅक्स नाही. तिथून गाडी सुटली ती सुटलीच.

आता गंमत बघा ताई. हा जो टॅक्स सरकारनं सोडला तो काय झाला? अनुदानच झालं ना. ज्याचा पगार मोठा, ज्याचा टॅक्सचा टप्पा वरचा, त्याला जास्त अनुदान. पण ते पगाराच्या स्लिपमध्ये अनुदान म्हणून छापून येत नाही, त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं मी माझ्या कष्टाचं खातोय, सरकारचं काही घेत नाही. घरकर्जाच्या व्याजावरची सूट, रिटायरमेंटच्या फोर-ओ-वन-के खात्यावरची सूट, सगळं ह्याच जातीचं. मध्यमवर्गाला सरकार मागच्या दारानं देतं आणि गरिबाला पुढच्या दारानं, रांगेत उभं करून. शिव्या फक्त पुढच्या दारातल्या रांगेला.

मुलीला सांगा, जुनाच विमा कोब्रा नावाच्या कायद्याखाली दीड वर्षापर्यंत चालू ठेवता येतो पण कंपनीचाही वाटा तिलाच भरावा लागेल, आकडा बघून डोळे फिरतील. मार्केटप्लेसवर बघायला तिलाही ६० दिवस आहेत. आणि ती एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीनं काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर, असेल तर नवी नोकरी शोधायची किंवा स्टेटस बदलायची मुदतसुद्धा जास्तीत जास्त ६० दिवसच, म्हणून आधी ते बघा, विमा नंतर.

प्रश्न: मी ऑस्टिनला, मूळचा कोल्हापूरचा. पगारातून दर वेळी सोशल सिक्युरिटी कापतात. सहा वर्षांनी परत आलो तर हे पैसे बुडाले का? पीएफसारखे काढता नाही येत का? (ऑस्टिन, टेक्सस)

नाही काढता येत भावा, कारण तुझ्या नावाचं खातं असं त्यात नाहीच. तुझ्या पगारातले ६.२ टक्के, कंपनीचे तेवढेच, आणि ते लगेच आजच्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनीत जातात. २०२५ मध्ये वर्षाच्या १,७६,१०० डॉलर पगारापर्यंतच हे कापतात, त्याच्या वर नाही, म्हणजे दहा लाख डॉलर कमावणारा साहेब आणि पावणेदोन लाखवाला, दोघांचा भरणा सारखाच (मेडिकेअरचे १.४५ टक्के मात्र सगळ्या पगारावर).

पेन्शनीला ४० क्रेडिट, म्हणजे नोकरीचे गुण म्हण, लागतात, वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षं. एच-वन-बी सहा वर्षांचा, हिशेब तूच कर, २४ वर अडकतो. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, जपान अशा देशांशी भारताचा करार आहे की दोन्हीकडची वर्षं एकत्र धरायची किंवा एकाच देशात भरायचं. अमेरिकेशी नाही. दोन्ही सरकारं वर्षानुवर्षं बोलतायत आणि घोडं अडलंय ते बरंचसं ह्यावर की अमेरिकेच्या कायद्याला समोरच्या देशाची पेन्शन व्यवस्था सर्वसामान्यपणे लागू असणारी हवी, आणि आपल्याकडे शेतमजुराला, रिक्षावाल्याला पीएफ कुठे आहे? म्हणजे इथल्या असंघटित कामगाराला पेन्शन नाही त्याची किंमत तिकडे ऑस्टिनमधला इंजिनिअर मोजतो. मला तर यात काव्यगत न्याय वाटतो, तुला अर्थात वाटणार नाही.

पण लगेच निराश होऊ नकोस. स्टुडंट व्हिसावर असताना हे कापायला नको असतं, सुरुवातीच्या वर्षांत चुकून कापलं असेल तर परत मागता येतं, ते तपास. ग्रीन कार्डाची आपल्या लोकांची रांग इतकी लांब आहे की एकदा कंपनीचा अर्ज मंजूर झाला की मुदत वाढत वाढत बरेच जण दहा वर्षं सहज ओलांडतात. ४० क्रेडिट झाले की म्हातारपणी कोल्हापुरात बसूनही ती पेन्शन मिळू शकते, त्यातून साधारण २५.५ टक्के टॅक्स कापून. आणि कमावलेले क्रेडिट कधी पुसले जात नाहीत, पंधरा वर्षांनी परत गेलास तरी तिथूनच पुढे मोजतात.

अध्यक्ष रूझवेल्टनी १४ ऑगस्ट १९३५ ला ह्या सोशल सिक्युरिटीच्या कायद्यावर सही केली तेव्हा त्यांचेच अर्थतज्ज्ञ म्हणत होते की मंदीत गरिबाच्या पगारातून कापायचं कशाला, सरकारी तिजोरीतून द्या. रूझवेल्ट हटले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की लोकांनी स्वतः भरलंय म्हटल्यावर हा माझा हक्क आहे असं त्यांना वाटेल आणि मग कुठल्याच पुढाऱ्याची ते बंद करायची छाती होणार नाही. आणि झालीही नाही, आजवर. रिपब्लिकन अध्यक्ष रीगननीसुद्धा १९८३ मध्ये निवृत्तीचं वय हळूहळू ६७ पर्यंत नेलं, पण योजना मोडली नाही. पहिली मासिक पेन्शन मिळाली व्हरमाँटच्या आयडा मे फुलर यांना, जानेवारी १९४० मध्ये, २२ डॉलर ५४ सेंट. बाईंनी तीन वर्षांत भरले होते २४ डॉलर ७५ सेंट. शंभर वर्षं जगल्या आणि बावीस हजारांवर डॉलर घेऊन गेल्या. सगळेच तसे जगायला लागले आणि भरणारे कमी झाले म्हणून आता २०३३ च्या सुमाराला गंगाजळी संपेल असा तिथल्या विश्वस्तांचा अंदाज आहे. नंतरही रोजचा टॅक्स येत राहीलच, त्यातून पाऊण पेन्शन निघेल. म्हणजे सगळं शून्य होणार असं जे यूट्यूबवर ओरडतात ते खोटं.

प्रश्न: आमच्याकडे कापसाला भाव नाही. अमेरिकेचा शेतकरी सबसिडी घेतो आणि आपल्याला मात्र खुला बाजार शिकवतात, हे कितपत खरं? (यवतमाळ)

दादा, शंभर टक्के खरं, आणि हे मी म्हणत नाही, जागतिक व्यापार संघटनेनं म्हटलंय. २००२ मध्ये ब्राझीलनं तक्रार केली की अमेरिका कापूसवाल्यांना इतका पैसा देते की जगाचा भाव पडतो. २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूनं, २००५ मध्ये अपीलही अमेरिका हरली. मग काय केलं असेल? सबसिडी बंद केली? छे. २०१० मध्ये ब्राझीलच्या कापूस शेतकऱ्यांच्या निधीला दरवर्षी १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, म्हणजे आपल्या शेतकऱ्याची सबसिडी चालू ठेवता यावी म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यालाही सबसिडी! २०१४ मध्ये एकदाच ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं, त्या वर्षीच्या कायद्यात कापसाला नेहमीच्या मदतीतून बाहेर काढलं आणि २०१८ मध्ये सरकीसकटचा कापूस म्हणून परत आत घेतलं. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली ह्या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी २००३ मध्ये हीच तक्रार मांडली होती, पण ब्राझीलसारखी वकिलांची फौज त्यांच्याकडे नव्हती, त्यांच्या हातात काय पडलं विचारू नका.

हे सगळं सुरू झालं १९३३ मध्ये. मंदीत कापसाचा भाव मातीमोल झाला तेव्हा रूझवेल्टच्या सरकारनं उभं पीक नांगरून टाकायचे पैसे दिले, एक कोटी एकरांवर कापूस गाडला गेला. पैसे मिळाले जमीनमालकाला. वाट्यानं कसणारा कूळ, दक्षिणेत त्यातले लाखो काळे, त्याला मालकानं हाकलला कारण आता कसायला रान कमी होतं. सरकारी मदत कुणाच्या नावावर निघते आणि कुणाच्या घरात पोचते हा प्रश्न यवतमाळच्या माणसाला मी काय समजावणार.

आज बरीचशी मदत पीकविम्यातून जाते, हप्त्याचा साधारण ६० टक्के भाग केंद्र सरकार भरतं. आणि हे पास कसं होतं ते ऐका. दर पाचेक वर्षांनी येणारा जो शेतकी कायदा, फार्म बिल, त्यात १९७३ पासून गरिबांच्या धान्याची योजनाही घातलेली आहे, पूर्वीचे फूड स्टॅम्प, आता स्नॅप. खरं तर त्या कायद्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त पैसा त्या धान्ययोजनेचाच. शहरातला डेमोक्रॅट खासदार गव्हाच्या सबसिडीला हात वर करतो कारण त्याच्या मतदारांचं धान्य त्यात आहे, कॅन्ससचा रिपब्लिकन धान्याला हात वर करतो कारण त्याचा गहू त्यात आहे. २०१३ मध्ये कडव्या उजव्यांनी दोन्ही वेगळं करून बघितलं, वर्षभरात परत जोडावं लागलं.

स्नॅप म्हणजे माणशी दिवसाला सहाएक डॉलर कार्डावर. त्यात तयार गरम जेवण चालत नाही, साबण चालत नाही, बाळाचे डायपर चालत नाहीत. कापूसवाल्यानं मिळालेल्या पैशातून काय घ्यावं ह्यावर मात्र एक ओळ नाही कायद्यात.

आणि हो, जुन्या लोकांना पीएल-४८० आठवत असेल. १९५४ चा अध्यक्ष आयसेनहॉवरच्या वेळचा कायदा, त्यातूनच साठच्या दशकात आपल्या रेशनवर अमेरिकन गहू आला. तिकडे भाव टिकवायला सरकारनं गहू विकत घेऊन कोठारं भरली होती, तो ठेवायचा कुठे हा त्यांचा प्रश्न आणि खायचं काय हा आपला. त्या गव्हाबरोबर गाजर गवतही आलं असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, ते खरं-खोटं वनस्पतीवाल्यांनी भांडून ठरवावं.

प्रश्न: बाबासाहेब कोलंबियात शिकले तेव्हा अमेरिकेत कुठली आर्थिक धोरणं चालू होती? त्याचा त्यांच्यावर परिणाम झाला का? (नागपूर)

काय सुंदर प्रश्न. बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले जुलै १९१३ मध्ये, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, आणि नेमकं तेच वर्ष अमेरिकेच्या करव्यवस्थेचं कूस बदलणारं वर्ष. तोपर्यंत तिथलं केंद्र सरकार चालायचं मुख्यतः आयातीवरच्या जकातीवर आणि दारू-तंबाखूच्या करावर. म्हणजे टॅरिफ हे आजचं खूळ नाही, एकोणिसाव्या शतकातल्या रिपब्लिकन पक्षाचा तो आवडता मंत्र होता, उत्तरेतले कारखानदार खूश आणि दक्षिण-पश्चिमेचा शेतकरी प्रत्येक वस्तू महाग घेतोय. आयकर १८९४ मध्ये आणला तर सुप्रीम कोर्टानं वर्षभरात उडवला. शेवटी राज्यघटनाच दुरुस्त केली, सोळावी दुरुस्ती, फेब्रुवारी १९१३, आणि ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष विल्सननी एकाच कायद्यात जकात कमी केली आणि आयकर आणला. वर्षाला ३,००० डॉलरच्या वर एक टक्का, पाच लाखांच्या वर सगळं मिळून सात टक्के. एवढ्यावरही बोंब झाली होती! आयसेनहॉवरच्या काळात हाच वरचा दर ९१ टक्के होता आणि ते रिपब्लिकन होते, रीगननी तो ७० वरून ५० आणि मग २८ वर आणला, आता ३७ आहे.

आता ह्या आयकराची बाजू अभ्यासकांमध्ये सगळ्यात जोरात मांडणारा माणूस कोण, तर कोलंबियातले प्राध्यापक एडविन सेलिग्मन, कर हा ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे असावा हे त्यांचं सूत्र. तेच बाबासाहेबांचे गुरू. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थव्यवहारावरचा बाबासाहेबांचा प्रबंध १९२५ मध्ये छापला तेव्हा प्रस्तावना सेलिग्मननी लिहिली. केंद्रानं किती घ्यायचं, प्रांतांना किती सोडायचं, हा त्याचा विषय, आणि अमेरिकेत आजही भांडण तेच आहे.

परिणाम झाला का, ह्याचं उत्तर मी १९२७ मध्ये शोधीन. मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेब म्हणाले की आयकर कमाई झाली तरच लागतो, शेतसारा मात्र पीक येवो न येवो प्रत्येक शेतकऱ्यानं भरायचा, हा कुठला न्याय? सेलिग्मनांच्या वर्गातलं सूत्र आणि कोकणातल्या-देशावरच्या शेतकऱ्याचा सातबारा त्या भाषणात एकत्र आलेत असं मला तरी वाटतं. दलित पुढारी आणि घटनाकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, कराचा अभ्यासक म्हणून वाचतच नाही, ही आपली आळशी सवय.

प्रश्न: लिंकन रिपब्लिकन होते ना? मग काळे मतदार डेमोक्रॅट्सबरोबर कसे? परीक्षेत विचारलं तर दोन ओळीत काय लिहू? (पुणे)

दोन ओळीत नाही बसत राजा. गुलामगिरीनंतर शंभर वर्षं दक्षिणेतला गोऱ्यांचा पक्ष डेमोक्रॅटिकच होता. मंदीत रूझवेल्टच्या कामांमुळे उत्तरेतले काळे मतदार १९३६ पासून डेमोक्रॅट्सकडे सरकले, पण त्याच रूझवेल्टच्या १९३५ च्या पेन्शन कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळलेले होते, आणि दक्षिणेतले काळे बहुतेक हीच कामं करत. म्हणजे एकाच पक्षात काळे मतदारही आणि त्यांना दाबणारे खासदारही, किती दिवस चालणार? १९६४ मध्ये जॉन्सननी नागरी हक्क कायदा आणला, त्याला प्रमाणात बघितलं तर रिपब्लिकन खासदारांनी डेमोक्रॅट्सपेक्षा जास्त मतं दिली, हे लक्षात ठेव, परीक्षकाला आवडेल. पण त्याच वर्षी रिपब्लिकनांचा अध्यक्षपदाचा उमेदवार गोल्डवॉटर, त्यानं कायद्याविरुद्ध मत दिलेलं, तो सगळीकडे आपटला आणि जिंकला कुठे तर स्वतःचं ॲरिझोना आणि खोल दक्षिणेतली पाच राज्यं. तिथून दक्षिण हळूहळू फिरली.

आणखी एक, उजवे-डावे हे कप्पे फार घट्ट मानू नकोस. पर्यावरणाची संस्था ईपीए १९७० मध्ये काढली रिपब्लिकन अध्यक्ष निक्सननी, १९७१ मध्ये पगार आणि किमती सरकारी हुकमानं गोठवल्या त्याही निक्सननीच. उलट गरिबांची मदत आहे तशी राहू देणार नाही म्हणून मतं मागितली डेमोक्रॅट क्लिंटननी. ओबामांच्या कायद्यातली सगळ्यांनी विमा घ्यायची सक्ती, जिच्यावर रिपब्लिकन एवढे तुटून पडले, ती कल्पना आधी त्यांच्याच गोटातल्या हेरिटेज फाउंडेशन ह्या अभ्याससंस्थेनं मांडलेली आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ साली त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर रॉम्नींनी राबवलेली.

प्रश्न: लाडकी बहीणसारखी योजना अमेरिकेत चालली असती का? तिकडे फुकट काही नसतं म्हणतात. (जळगाव)

मावशी, अमेरिकेत ती चालू आहे, १९८२ पासून, आणि ती फक्त बहिणींना नाही, भावांना, पोरांना, तान्ह्या बाळालासुद्धा. राज्य अलास्का. तेलाचा पैसा आला तेव्हा १९७६ मध्ये राज्यघटनेत बदल करून निधी केला, रिपब्लिकन गव्हर्नर हॅमंड यांनी त्याच्या नफ्यातून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला चेक सुरू केला. २०२४ मध्ये १,७०२ डॉलर मिळाले, २०२५ मध्ये १,०००. उत्पन्नाची अट नाही, काम करता का विचारत नाहीत, वर्षभर तिथे राहिलेले असा आणि पुढेही राहायचा विचार असू दे, बस. आणि हे राज्य अध्यक्षपदाला डेमोक्रॅटला मत देतं का? १९६४ मध्ये एकदा दिलं होतं. तिथल्या माणसाला विचारा, तो म्हणेल हा माझा तेलातला वाटा आहे. मेडिकेअरवाल्या त्या गृहस्थाचा हा सख्खा भाऊ!

आता दुसरी बाजू. हातात रोख रक्कम गरीब आईला द्यायची म्हटली की हाच देश वेगळा वागतो. १९९६ मध्ये क्लिंटननी सहीनिशी जुनी योजना मोडली, नवीन टॅनफ आणली, आयुष्यात पाच वर्षांची मर्यादा, कामाची सक्ती, आणि राज्यांना वर्षाला १,६५० कोटी डॉलरची ठोक रक्कम जी तेव्हापासून महागाईप्रमाणेही वाढलेली नाही. राज्यांनी ती कशावरही खर्च करावी असं झालं, मिसिसिपीत त्या निधीतून एका विद्यापीठात व्हॉलीबॉलचं संकुल बांधलं गेलं. गरिबांच्या पैशातून!

मधे एकदा मात्र प्रयोग झाला. २०२१ मध्ये बायडननी मुलांसाठीची करसवलत वाढवली आणि जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट खात्यात टाकली, लहान मुलाला ३००, मोठ्याला २५० डॉलर, ज्यांचं उत्पन्नच नाही त्यांनाही. त्यांच्या जनगणना खात्याच्या मोजणीत मुलांमधली गरिबी त्या वर्षी ५.२ टक्के, आजवरची सगळ्यात कमी. योजना संपली, पुढच्या वर्षी १२.४. वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, दोन्ही बाजूंची पन्नास-पन्नास अशी फळी होती, वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट सिनेटर मॅन्चिन काम करणाऱ्यांनाच द्या म्हणून अडून बसले आणि विषय संपला. गरिबी एका वर्षात निम्मी होते आणि पुढच्या वर्षी दुप्पट होते, हे आकड्यात दिसत असताना देश ते बंद करू शकतो, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

आपल्या पंधराशे रुपयांबद्दल तुम्ही तिरकस विचारलंय ते कळलं. निवडणुकीच्या तोंडावर आली, तिजोरीवर ताण आहे, सगळं खरं. पण फुकटे म्हणून बायकांना नावं ठेवणाऱ्या साहेबांनी आपल्या घरकर्जावरची सूटही त्याच दमात सोडून दाखवावी, मग बोलू.

प्रश्न: शटडाऊन म्हणजे नक्की काय बंद होतं? मुलाच्या व्हिसाचं काम अडेल का? (नाशिक)

संसदेनं खर्चाला मंजुरी दिली नाही की खाती पैसे खर्चू शकत नाहीत. १८८४ चा जुना कायदा आहे, पण १९८० मध्ये तिथल्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यानं, त्याचा कडक अर्थ लावला आणि तेव्हापासून खरोखर टाळं लागायला लागलं. २०१८-१९ मध्ये ३५ दिवस, २०२५ मध्ये ४३ दिवस. पेन्शन थांबत नाही, विमानतळावरचे लोक बिनपगारी कामावर येतात, पगार नंतर मिळतो. इमिग्रेशन खातं स्वतःच्या फीवर चालतं म्हणून ते बहुतेक चालू राहतं, अडतं ते कामगार खात्याकडे. एच-वन-बीच्या आधी कंपनीला तिथून एलसीए नावाची मंजुरी लागते आणि शटडाऊनमध्ये ते काम थांबलेलं आहे, २०१३ मध्येही आणि २०२५ मध्येही. त्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, भांडणं तेव्हाच पेटतात. मुलाची मुदत त्या सुमाराला संपत असेल तर एलसीए ऑगस्टमध्येच करून घ्या असं कंपनीच्या वकिलाला सांगायला सांगा, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.